फीत नसलेली कॅसेट

सन २००१, कार्तिक शुद्ध चतुर्दशी, दुपारची वेळ. ठिकाण : मांजरसुंबा, हमरस्त्यावरच्या एका धाब्यासमोर, आमची पांढरी मारुती व्हॅन.

हजर : मी, म्हणजे गिरिजा, दिंद्रुडच्या भांड्यांच्या दुकानाची मालकीण. गाडीपासून जरा लांब ड्रायव्हर नवनाथ. आणि...

तिसरी जागा तूर्त मोकळी ठेवते.

अशी सुरुवात करायची पद्धत माझी नाही, आमच्या यांची. ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट सांगून टाकते — भूत, भानामती, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या भागात भानामतीची बातमी कधी या गावची, कधी त्या गावची येते. मी फक्त विचारते, त्या घरात नवी सून आली आहे का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. सकाळी दिवसाच्या कामांची यादी करायची, एकेक खोडत जायचं, हा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहितानाही जे घडलं ते क्रमाने लिहिते. मतं तुमची तुम्ही बनवा.

आमचे हे — गावात सगळे अप्पा म्हणत — दिवसभर दुकानात स्टील आणि पितळ तोलायचे. सोमवारी संध्याकाळी भजनी मंडळ आमच्या ओसरीवर बसायचं. यांना सूर नव्हता. एकदा प्रयत्न केला तेव्हा मंडळाच्या बाबुरावांनी टाळ खाली ठेवले आणि म्हणाले, "अप्पा, तुमी ऐका. ऐकणारं बी कुणीतरी पायजेच की."

मग यांनी टू-इन-वन आणला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र. त्या वर्षांत कोऱ्या कॅसेटी दिंद्रुडसारख्या गावातसुद्धा मिळायला लागल्या होत्या. दर सोमवारी हे मधोमध टेप ठेवायचे, रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबायचे — खटाक् — घसा साफ करायचे आणि बोलायचे. गाव. तिथी. वेळ. मग "हजर" म्हणून थांबायचे. ओसरीवर एकदा सगळीकडे बघून घ्यायचे, आणि एकेकाचं नाव.

"अप्पा, भजन हाय का पंचनामा?" बाबुराव दर वेळी म्हणायचे.

"उद्या कुणी ऐकलं तर कळाय नको, कोण कोण होतं?"

"मग सोताचं नाव का न्हाई घेत?"

"टेप करणारा धरायचा नसतो."

आणि यादीच्या शेवटी, दर वेळी — "आणि घरचे." घरचे म्हणजे मी. स्वयंपाकघराच्या दारात, चहाचं पातेलं घेऊन उभी. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'गिरिजा' हे नाव यांनीच लिहिलं होतं. नाव यांनीच निवडलं. सासूने ते घेतलं, नणंदांनी घेतलं, बँकेने घेतलं. यांनी कधी उच्चारलं नाही. "ऐकलं का", "महेशची आई", नाहीतर नुसतंच घसा खाकरणं. मीही यांचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाणा घेतला होता, पण ऐन नावाशी बायका एवढ्या हसल्या की ते कुणाला ऐकूच गेलं नाही. आमच्या पिढीत यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. दुकानातच, गिऱ्हाईकाला पातेलं दाखवता दाखवता. दुखणं नाही, निरोप नाही. फोटो भरपूर आहेत. पण माणूस गेल्यावर आधी आवाज विसरायला होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी टेप लावला नाही. हिंमत झाली तेव्हा कॅसेटींची पिशवी घरात नव्हती.

ती महेशने नेली होती. महेश माझा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती, म्हणून ओळखीच्या एका माणसाकडून सगळ्यांच्या सीडी करून आणल्या. दिवाळीला आला आणि चकचकीत तबकड्यांचा डबा माझ्यासमोर ठेवला.

"बघ आई, सगळं क्लीन केलंय. खरखर काढली, खोकले काढले, सुरुवातीची बडबड पण काढली. डायरेक्ट भजन सुरू होतं."

"आणि कॅसेटी?"

"त्या त्यानेच टाकून दिल्या. काही राहिलं नव्हतं गं त्यांच्यात."

मी म्हणाले, छान केलंस. पोराने पदरचा पैसा घालून, बापाच्या मायेनेच केलं होतं सगळं. त्याला काय बोलायचं? तो परत गेल्यावर दुपारी गिऱ्हाईक नसताना मी एकेक सीडी ऐकली. बाबुरावांचा आवाज, टाळ, पखवाज, मागे कुठेतरी आमचं फाटक वाजल्याचाही आवाज. हे नाहीत. गाणारे सगळे राहिले होते, आणि ज्याने हे सगळं धरून ठेवलं तो तेवढा साफ झाला होता. शेवटची सीडी संपली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि बसून राहिले. कुणाला सांगायचं, आणि काय सांगायचं?

आता गाडीचं. व्हॅनमध्ये यांनी बसवून घेतलेला कॅसेट प्लेअर होता, सीडीचा नाही. महेशने त्यावर तोड काढून दिली होती — हातात मावणारा सीडी प्लेअर, आणि त्याला जोडायची एक वस्तू. दिसायला हुबेहूब कॅसेट, पण कोपऱ्यातून काळी वायर निघालेली. वायरचं टोक सीडी प्लेअरमध्ये खुपसायचं, कॅसेट गाडीच्या टेपमध्ये सरकवायची, की सीडीवरचं गाणं गाडीच्या स्पीकरमधून येतं. मला वस्तू वापरण्याआधी उघडून बघायची सवय आहे. दुकानातल्या बारक्या पेचकसाने मी ती उघडली. आत दोन-तीन दातेरी चाकं, एक धातूचा तुकडा, वायर. फीत नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. त्या कॅसेटमध्ये फीतच नसते.

त्या दिवशी मी सीडींचा एक संच घेऊन कपिलधारला निघाले होते. यात्रेला आमचं भजनी मंडळ तिथे आदल्या दिवसापासून मुक्कामाला असतं. त्यांना संच द्यायचा होता. नवनाथ गाडी चालवत होता. धनगराच्या घरातला, महेशच्याच वयाचा, घरची मेंढरं भावाकडे सोपवून ड्रायव्हर झालेला.

"काकू, ह्या दोरीतनं भजन येतं व्हय? म्हंजी कॅसेटीला नळ जोडलाय म्हणा की."

"नळच समज."

"आन् पाणी गेलं मंजी?"

पाणी वडवणीच्या पुढेच जायला लागलं. खड्डा आला की भजन उडी मारायचं, एक ओळ खाऊन पुढच्या ओळीवर पडायचं. मी शाल घडी करून मांडीवर ठेवली, तिच्यावर प्लेअर, आणि दोन्ही हातांनी तो उचलून धरला. ऊन पातेलं धरावं तसा. तसं धरलं की बरं चालायचं. बीड गेलं, आणि मांजरसुंब्याच्या अलीकडे आवाज घोगरा होत होत बंद पडला. सेल संपले होते.

नवनाथने धाब्यासमोर गाडी उभी केली. "चा सांगतो, आन् सेल बी बघतो टपरीवर." चावी तशीच अर्ध्यावर ठेवून तो गेला. टेपचा हिरवा दिवा चालू होता.

मी वायर सीडी प्लेअरमधून उपसली. प्लेअरचं झाकण उघडून सेल काढले, कुठले आणायचे ते नवनाथला दाखवायला हातात ठेवले. म्हणजे त्या क्षणी प्लेअर रिकामा, वायरचं टोक माझ्या मांडीवर सुटं. टेपमध्ये ती बिनफितीची कॅसेट नुसती फिरत होती, तिची चाकं करकरत होती. समोर ट्रक जात होते. उन्हाने काच तापली होती. कुणी सोबत असतं तर 'काच खाली कर' तरी म्हणालं असतं, असं मनात आलं...

खटाक्.

ते स्पीकरमधून आलं. दोन बटणं एकदम दाबल्याचा आवाज. मग घसा साफ केल्याचा.

"मांजरसुंबा. कार्तिक शुद्ध चतुर्दशी. दुपार."

यांचा आवाज. शब्द जरा ओढून, तोलकाट्यावरचा आकडा वाचावा तसा.

"हजर..."

आणि ते थांबले. ओसरीवर बघून घ्यायचे, तेवढाच वेळ. मीही, हसू नका, व्हॅनमध्ये मागे वळून बघितलं. मागच्या सीटवर सीडींचा डबा आणि माझी पिशवी.

"गिरिजा."

नंतर पुन्हा शांत. कुणी पुढे काही बोलेल म्हणून वाट बघावी तसं. मग खटाक्, आणि चाकांची करकर.

माझ्या हिशेबाने हे सगळं एका दमात संपलं. मी सेल हातात धरून बसले होते. भीती वाटली का, असं नंतर महेशने विचारलं. नाही वाटली. 

खिडकीतून बघितलं तर नवनाथ गाडीपासून लांब, कडुलिंबाखाली पाठमोरा उभा. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. मी हाक मारली तेव्हा आला. चहावर जाड साय धरली होती आणि ग्लास गार पडला होता.

"अरे, तिथं का उभा राहिलास? चहा गार झाला सगळा."

"तुमी बोलायलता काकू. म्हणून लांब झालो."

"मी? कुणाशी?"

तो गोंधळला. "ते... पाव्हणे कोण बसलते त्यांच्यासंगं. मी येऊन दाराशी उभा ऱ्हायलतो. बाप्या माणसाचा आवाज आला, मधी मधी तुमी बोलायलता. मला वाटलं गावातलं कुणी भेटलं."

"काय बोलत होतो आम्ही?"

"मी कशाला ऐकू? घरगुती वाटलं." मग मागच्या सीटकडे नजर टाकून, हळू आवाजात, "तुमी हसलात बी एकदा."

नवनाथ दारू पीत नाही, थापा मारत नाही. मारल्याच तर मेंढरांच्या किमतीबद्दल मारतो. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. मी ऐकलं ते पाच-सहा शब्द. त्याने ऐकलं ते चहावर साय धरेपर्यंतचं बोलणं. मधलं कुठे गेलं? मी काय बोलले? कशाला हसले? नवरा गेल्यापासून मला मोठ्याने हसल्याचं आठवत नाही, आणि तेवढं एकदा हसले ते एका ड्रायव्हरला माहीत आहे, मला नाही.

संध्याकाळी कपिलधारला मंडळाच्या राहुटीत सीडी लावली. बाबुराव डोळे मिटून बसले होते. पहिलं भजन सुरू झालं तसे त्यांनी डोळे उघडले.

"वैनी, पंचनामा कुठाय?"

"काढून टाकला. महेशला वाटलं, बडबड आहे."

ते टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "म्हंजी आमी हाय, अप्पा न्हाई," ते म्हणाले. "त्येच्यावर हसलो लई आमी. पर त्यो नावं घ्यायचा तवा कसं वाटायचं, सांगू? आपुन हाय म्हणून."

दुपारचं मी त्यांना सांगितलं नाही. महेशला फोनवर सांगितलं. त्याने शक्यता काढल्या, मी त्या तपासल्या. रेडिओ लागला असेल? त्या टेपला रेडिओ नाही. वायरने बाजूच्या कुठल्या गाडीतला आवाज धरला असेल? धरला, तर त्यात आजची तिथी आणि माझं नाव कसं? जुनी फीत आत अडकली असेल? बीडच्या एका मेकॅनिकसमोर बसून टेप पूर्ण सुटा करून घेतला. धूळ निघाली, एक जुनं नाणं निघालं. फीत नाही. आणि जुनी फीत असती तरी काय, यांनी माझं नाव कुठल्याच फितीवर घेतलेलं नव्हतं. ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

"मग तुला भास झाला असेल, आई," महेश शेवटी म्हणाला.

"असेल. आणि नवनाथला?"

 पलीकडून त्याच्या नाक पुसण्याचा आवाज आला. कॅसेटी टाकल्याबद्दल मी त्याला एका शब्दाने बोलले नव्हते, पण बहुतेक त्या दिवशी त्याला कळलं.

पुढे कितीतरी दुपारी मी गाडीत एकटी बसले. चावी अर्ध्यावर, कॅसेट आत, वायर सुटी. मांजरसुंब्यालाही जाऊन आले, त्याच लिंबासमोर. चाकांची करकर येते. बाकी काही नाही. एकदा नवनाथ म्हणाला, "काकू, मी लांब हुबा ऱ्हाऊ का?" मी हो म्हटलं. तो चहा गार होईपर्यंत पाठ करून उभा राहिला, मग मान हलवत परत आला. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा; 'मनाचे खेळ' एवढं सोडून, ते मी स्वतःला सांगून झालं आहे.

एक काम मात्र ठरलं. बाबुराव म्हणाले, "वैनी, दारात उभ्या राहून सगळ्या हजेऱ्या तुमीच ऐकल्या. तुमीच म्हणा. महेश सीडीच्या पुढं जोडून देईल. आन् या टायमाला टेप करणाराबी धरा."

म्हणून टू-इन-वन दुरुस्त करून आणला. कोरी कॅसेट आणली. कुठल्या सोमवारी कोण होतं ते मला बऱ्यापैकी आठवतं. दुपारी दुकान बंद करून ओसरीवर बसते, दोन बटणं एकदम दाबते, घसा साफ करते. गाव, तिथी, वेळ. हजर... बाबुराव, विश्वनाथ, गुरवाचे दोघे भाऊ. गिरिजा. माझं नाव म्हणायला आता अडखळत नाही. मग टेप करणारा.

इथपर्यंत पोचते. मग फीत नुसती फिरत राहते, आणि संपून बटणं आपोआप वर येतात. वर मोकळी ठेवलेली जागा तीच. महेश दर फोनला विचारतो, झालं का? सगळं तयार आहे, म्हणते, एक नाव घ्यायचं राहिलंय.