कॅप्टनला कोण सांगणार

आमच्या कंपनीच्या क्रिकेट संघाचं स्कोअरबुक मी बारा वर्षं लिहिते आहे. कुवेतमध्ये क्रिकेटचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि ऊन चढलं की संपतो. त्या सहा-सात महिन्यांतली प्रत्येक शुक्रवारची सकाळ मी शहराबाहेरच्या एका वाळूच्या मैदानावर, घडीच्या टेबलामागे बसून काढली आहे. मैदानावर गवत नाही. मधोमध सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर ताणलेली काथ्याची मॅट. स्कोअर लिहायला मला वडिलांनी शिकवलं. ते सांगलीत शाळेत पीटीचे शिक्षक होते. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला जवळ बसवलं, आणि एक सवय लावली: धाव लिहिली की तिच्या डोक्यावर एक बारीक बाण काढायचा, चेंडू कुठल्या दिशेला गेला त्याचा. हे कुणी मागत नाही. मी काढते.

आमची कंपनी टाइल्स, नळ, बेसिन असला माल आणून विकते. मालक कुवेती. त्यांना क्रिकेट कळत नाही, ते फुटबॉलवाले. पण संध्याकाळी त्यांच्या दिवाणियात पाहुणे बसतात, तिथल्या कपाटात एखादा कप असावा असं त्यांना वाटतं. शर्कमधल्या हेड ऑफिसात माझं काम इकाम्यांचं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की इकामा जातो, आणि इकामा गेला की घर आवरून विमानात बसायचं. सगळ्या कर्मचाऱ्यांचे इकामे माझ्या टेबलावरून जातात. कॅप्टनचाही जायचा.

कॅप्टन दापोलीकडचे. राज्याच्या संघातून थोडं खेळून झाल्यावर आमच्या जनरल मॅनेजरांनी त्यांना कुवेतला आणलं. हे जनरल मॅनेजर पुण्याचे. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. कागदावर कॅप्टन सेल्समध्ये होते, पण त्यांना जो पगार, जी गाडी आणि अबू हलीफात समुद्रासमोरचा जो फ्लॅट मिळाला होता, तसा सेल्समधल्या दुसऱ्या कुणालाही नव्हता. ते सलामीला खेळण्यासाठी आले होते हे ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते बाय म्हणायचे. त्यांच्याकडे बहिणीला तसंच म्हणतात.

माझ्या पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात धुळीचा वारा सुटला होता. मी स्कोअरबुकवर दोन्ही हात दाबून बसले होते. समोरचे फलंदाज डोळे चोळत येत होते आणि जात होते, आणि कॅप्टन एका टोकाला उभे राहून चेंडू सरळ गोलंदाजाच्या डोक्यावरून मारत होते. शेवटपर्यंत नाबाद राहिले. त्या पानावरचे जवळजवळ सगळे बाण समोर होते. मी नवी होते, इथे माझं कुणी नव्हतं, आणि त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की आपण योग्य ठिकाणी आलो.

त्यानंतर दोनदा आम्ही कप आणला. मग हळूहळू बाण वळायला लागले. आधी बाजूला गेले, मग मागे. म्हणजे कॅप्टन चेंडू मारत नव्हते, तो त्यांच्या बॅटीच्या कडेला लागून जात होता. दोन धावा जिथे सहज होत्या तिथे ते एक घेऊन हात वर करायचे. आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत व्हायला लागले. एका हंगामात तर चार सामने लागोपाठ. मैदानावरच्या लोकांना एखादा चौकार लक्षात राहतो. ते म्हणायचे, बघा, अजून तोच हात आहे. मला चौकाराच्या आधीचे अकरा चेंडूही दिसत होते, कारण ते मी लिहिले होते.

दर मे महिन्यात त्यांच्या इकाम्याचा कागद यायचा आणि आम्ही तिघं साहेबांच्या केबिनमध्ये बसायचो: साहेब, वाहतूक विभागाचा प्रमुख आणि मी. वाहतुकीचा प्रमुख केरळचा, संघाचा मॅनेजरही तोच. पुढच्या वर्षीचा संघ तिथेच ठरायचा. साहेब विचारायचे, दुसरा कोण आहे आपल्याकडे? मॅनेजर म्हणायचा, अंतिम सामन्यात हाच माणूस लागतो. आम्ही गेली दोन वर्षं अंतिम सामन्यापर्यंत पोचलोच नव्हतो, पण ते कुणी काढायचं नाही. माझ्याकडे बघितलं की मी मान हलवायची. मी सही करायची आणि कागद आमच्या मंदूबकडे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेपा घालणाऱ्या माणसाकडे, पाठवून द्यायची. असं तीन वर्षं झालं.

लोक म्हणतात, संघ जुन्या खेळाडूला धरून बसतात ते भावनेपोटी. ते खरं आहे, पण थोडंच. साहेबांनी त्यांना आणलं होतं. ते संपले असं म्हणणं म्हणजे आपली निवड संपली असं म्हणणं. मॅनेजरला भीती होती की नवा माणूस अपयशी ठरला तर नाव त्याचं येईल, आणि कॅप्टन अपयशी ठरले तर कुणाचंच येणार नाही. आणि माझं कारण सांगायला मला वेळ लागला. त्या केबिनमधले आम्ही तिघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होतो. तिघंही कंपनीला महाग पडत होतो आणि आमच्यापेक्षा झपाट्यानं काम करणारी माणसं बाहेरच्या टेबलांवर बसली होती. उतार लागलेल्या माणसाला काढायचं असा नियम एकदा त्या खोलीत झाला, की तो कॅप्टनपाशी थांबला नसता. हे आम्हाला कळत होतं, म्हणून आम्ही एकमेकांकडे न बघता सही करायचो.

आमच्या गोदामात एक पंजाबी स्टोअरकीपर होता, सव्वीस वर्षांचा. सातव्या क्रमांकावर यायचा तेव्हा चार-पाच षटकं उरलेली असायची, आणि त्या चार-पाच षटकांत तो जे करायचा ते माझ्या वहीत सगळं समोरच्या बाणांचं असायचं. त्यानंतरच्या हंगामात उपांत्य सामन्यात आमचे गडी लवकर गेले म्हणून त्याला वर पाठवला. एका टोकाला कॅप्टन चाचपडत टिकून होते, दुसऱ्या टोकाला हा खेळत होता. त्याचे पन्नास केव्हाच होऊन गेले होते. जिंकायला थोड्या धावा हव्या होत्या. कॅप्टननी चेंडू कव्हरकडे ढकलला, धाव म्हणून हाक दिली, चार पावलं निघाले आणि थांबले. पाय उचललाच नाही. त्यांनी हात दाखवला तोवर हा अर्ध्याच्या पुढे आला होता. धावचीत. पुढच्याच षटकात कॅप्टन त्रिफळाचीत झाले आणि आम्ही हरलो.

तंबूत कॅप्टन एका खुर्चीवर हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. त्या पंजाब्यानं पॅड सोडले, माझ्या टेबलापाशी आला आणि हिंदीत विचारलं, मॅडम, तुम्ही काय लिहिलंत? मी म्हटलं, धावचीत. त्यानं वहीत वाकून पाहिलं. कुणामुळे, असा रकाना स्कोअरबुकात नसतो.

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी ऑफिस उघडलं तेव्हा तो माझ्यासमोर उभा. दुसऱ्या एका कंपनीच्या संघानं त्याला बोलावलं होतं. पगार तोच, पण सलामीला खेळवणार होते. त्याला रिलीजचा कागद, म्हणजे इकामा दुसऱ्या कंपनीत न्यायची आमची परवानगी, हवी होती. मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितलं आणि त्याच दुपारी साहेबांना भेटायला वेळ मागितली.

या वेळी मी तीन हंगामांची स्कोअरबुकं घेऊन गेले आणि साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. बाण म्हणजे काय ते सांगितलं. मॅनेजर वाकून पाहत राहिला. साहेबांनी वही बंद केली.

"तुम्हाला काय वाटतं, मला हे दिसत नाही?" ते म्हणाले. "मी आणलाय त्याला. सलामीला खेळायचं नाही म्हटलं तर तो कंपनीत कशासाठी आहे, हे मालक पहिल्यांदा मला विचारतील. मग काय, त्याला घरी पाठवू? मुलगी बारावीला आहे त्याची."

खरा प्रश्न हा होता आणि तो तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणी तोंडानं बोलत होतं. मी एवढंच विचारलं, की सेल्समध्ये ते करतात काय? साहेबांनी खांदे उडवले. मॅनेजरनंही. अकरा वर्षं पगार देऊन कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सेल्सच्या मुलींकडून कॅप्टनच्या नावावरच्या ग्राहकांची यादी मागवली. हवल्लीतली टाइल्सची बहुतेक छोटी दुकानं त्यांच्याकडे होती. मी दोन-तीन दुकानांत फोन केले. एका इजिप्शियन दुकानदारानं सांगितलं की माल फुटून आला तर तुमचा माणूस त्याच दिवशी येऊन उभा राहतो, म्हणून आम्ही तुमच्याकडून घेतो. दुसरा म्हणाला, तो तुमच्याकडून गेला तर आधी आम्हाला सांगा. हा माणूस शुक्रवार सोडून उरलेले सगळे दिवस राबत होता, आणि आम्ही त्याला फक्त शुक्रवारी पाहत होतो. त्याची किंमत आम्ही चुकीच्या ठिकाणी मोजत होतो.

साहेबांना यादी दाखवली. त्यांनी ती सावकाश वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, ठीक आहे, नोकरी राहील. सलामी जाईल. पण सांगणार कोण? मॅनेजरनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, मी सांगते.

संध्याकाळी मी अबू हलीफाला गेले. भाभींनी, म्हणजे कॅप्टनच्या बायकोनं, चहा आणि नारळाच्या दुधातलं सांदण पुढे ठेवलं. मुलगी आतून इंग्रजीत हॅलो म्हणून अभ्यासाला गेली. गच्चीत कॅप्टन आणि मी बसलो. वाटेत गाडीत मी वाक्यं जुळवली होती. ती सगळी लांबण होती, म्हणून सोडून दिली.

"कॅप्टन, पुढच्या हंगामात तुम्ही सलामीला नाही," मी म्हटलं. "नोकरी आहे तशीच राहील. इकाम्याचा कागद मी आजच पुढे पाठवलाय."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, "पाठवलास नक्की?"

"नक्की."

"तीन वरसं वाट बघतोय गो बाय, कोण सांगतंय ते," ते म्हणाले. "बॉल दिसत नाय मला. हातातून सुटतो तेवढा दिसतो, मधला दिसत नाय. टप्प्याचा आवाज आला की बॅट फिरवतो."

मी विचारलं, मग तुम्हीच का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तुमी मला घरी धाडला असतात. मला वाटलं, खेळतोय तोवर ठेवतील."

म्हणजे आम्ही त्यांना जपायचं म्हणून खेळवत होतो आणि ते आमच्या भीतीनं खेळत होते. त्यांना राग आला नव्हता. आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या धावचीतबद्दल ते आपणहून बोलले. गुडघा अडला हे खरं, पण त्याआधी हाक द्यायलाच नको होती, कारण चेंडू किती लांब गेला ते त्यांना दिसलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन त्यांनी त्या पंजाब्याला हे स्वतः सांगितलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. तो रिलीजचा कागद मागायला पुन्हा आला नाही.

पुढच्या हंगामात तो सलामीला खेळला. पहिले तीन सामने आम्ही हरलो आणि मॅनेजर माझ्या टेबलामागे येऊन दर वेळी सुस्कारा सोडायचा. कप त्या वर्षी आला नाही, अजूनही आलेला नाही. तरीही आम्ही बरोबर केलं याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. हरताना निदान वहीत काय चाललंय ते आणि मैदानावर काय चाललंय ते एकच होतं. कॅप्टन पहिला महिना आले नाहीत. मग त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, ते कितीतरी आधी व्हायला हवं होतं, आणि अधूनमधून यायला लागले. खेळले मात्र नाहीत. मॅनेजरनं एकदा माणूस कमी पडला म्हणून गळ घातली तेव्हा त्यांनी हसून मानेनं नाही म्हटलं. हवल्लीची दुकानं आता दीडपट झाली आहेत आणि त्यांच्या हाताखाली दोन माणसं आहेत.

साहेब गेल्या वर्षी पुण्याला परतले. जाण्याआधी म्हणाले की तो निर्णय आपणच घेतला असं त्यांना वाटतं. मी वाटू दिलं.

गेल्या महिन्यात मी नव्या जनरल मॅनेजरांकडे गेले. इकाम्याचं बरंचसं काम आता सरकारी पोर्टलवर आणि ॲपवर झालंय. मी ते करते, पण प्रत्येक पायरी कागदावर उतरवून मग करते. आमच्याकडची एक नवी मुलगी तेच काम बोलता बोलता उरकते. मी म्हटलं, पोर्टल तिच्याकडे द्या, मी लोकांचे प्रश्न आणि कचेऱ्यांमधली भांडणं बघते, ती मला चांगली जमतात. ते म्हणाले, अहो, इतकी घाई काय आहे, तुम्ही आहात ना.

"आहे ना," मी म्हटलं. "म्हणूनच आत्ता सांगतेय."

त्यांनी विचार करतो म्हटलं. मी तिथेच बसून राहिले, आणि त्यांनी विचार केला. गेल्या रविवारपासून ती मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. अडलं की मला विचारते. अजून तरी दिवसातून चार-पाचदा अडतं.