तेलासारखं गाळलेलं रक्त

हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ आलं. मी ट्यूब पुन्हा मशीनला लावली. पुन्हा तेच. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल्स, जवळजवळ संपल्या होत्या. प्लेटलेट्स मात्र ठणठणीत. हे मला खटकलं.

रक्त जोगळेकर काकांचं होतं. कारखान्यात तीस वर्षं ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला होते, आता रिटायर. सहा महिन्यांपूर्वी किल्ल्याची चढण न थांबता चढणारा हा माणूस काठी टेकत आला होता. "पायाखाली जमीन लागत नाही," म्हणत होता.

झाशीतल्या एका खाजगी हॉस्पिटलची लॅब मी सांभाळते. आमचे फिजिशियन सक्सेना डॉक्टर. त्यांनी आयर्न बघितलं, बी-ट्वेल्व्ह बघितलं. दोन्ही नॉर्मल. मग त्यांनी बोन मॅरो सांगितली. जिथे रक्त बनतं त्या हाडातल्या मगजाचा नमुना घ्यायचा. शुक्रवारी, ग्वाल्हेरला.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "ताई, खरं सांगा. मगज काढतात म्हणजे कॅन्सरच ना?"

"तपासतात म्हणजे माहीत नाही, एवढंच," मी म्हणाले. पण डॉक्टरांच्याही मनात तेच होतं.

मंगळवारी सकाळी काका रिपीट सँपलला आले. हात पुढे केला आणि एकदम मागे घेतला.

"मॅडम, कॅप्सूल घेऊन चार तास झालेत. चालेल ना? बाहेर लघवीची टेस्ट करतो, तिला तसंच लागतं."

"कसली कॅप्सूल? डॉक्टरांना तर तुम्ही सांगितलंत, कुठलंच औषध चालू नाही."

"औषध नाहीच आहे ते! सप्लिमेंट आहे. डिटॉक्स."

"काका, काय काय घेता?"

"तोंडी कशाला? लॉगशीट आहे." पिशवीतून फाइल निघाली.

आठ महिन्यांचे तक्ते. तारीख, वेळ, डोस, सही. स्वतःच्याच घरात स्वतःची सही! नोकरीत सोल्डरिंगच्या धुरात उभा राहिलो, अंगात शिसं साठलं असणार, असं एका व्हिडिओने त्यांना पटवलं होतं. मग शिसं काढणाऱ्या कॅप्सूल आल्या. याला कीलेशन म्हणतात. औषध धातूला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. खऱ्या विषबाधेत डॉक्टर हे देतात, मोजून, देखरेखीखाली. काकांनी ऑनलाइन मागवलं होतं. सोबत शेवाळाच्या हिरव्या गोळ्या. आणि कॅप्सूलने अंगातली खनिजंही जातात म्हणून भरपाईला झिंक. पन्नास मिलिग्राम.

"दिवसातून एकदा?"

"आधी एकदा. मग दोनदा. आता तीनदा. रीडिंग खाली येत नव्हतं ना."

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ओल आणि कचरा साचला की फिल्टर मशीन लावतात. तेल फिरत राहतं. रीडिंग पास होईपर्यंत मशीन बंद करायचं नाही, हा कारखान्याचा नियम. काकांनी तोच नियम स्वतःच्या रक्ताला लावला होता. दर महिन्याला लघवीची टेस्ट, दर महिन्याला शिसं जास्त, म्हणून कॅप्सूलचा डोस जास्त, आणि भरपाईचं झिंकही जास्त.

गंमत अशी की ती टेस्ट पास होणारच नव्हती. कॅप्सूल घेऊन चार तासांनी नमुना दिला, तर कुणाच्याही अंगातलं थोडंफार शिसं लघवीत उतरतं. माझंही उतरेल. आणि रिपोर्टवरची रेंज असते कॅप्सूल न घेतलेल्या माणसांची.

पण माझी नजर झिंकच्या रकान्यावर अडकली होती. दिवसाला दीडशे मिलिग्राम. माणसाला दहा-पंधरा पुरतं. डॉक्टरांना न विचारता चाळीसच्या वर जायचं नसतं. झिंक फार झालं की आतडं तांब्याला वाटेतच पकडून ठेवतं आणि बाहेर टाकतं. तांब्याशिवाय रक्त नीट बनत नाही, पायांच्या नसाही बधिर होतात. ॲनिमिया, न्यूट्रोफिल्स, बधिर पाय, चांगल्या प्लेटलेट्स. सगळं जुळत होतं!

"रामसेवक भैया, गहरी नीली ट्यूब!" मी ओरडले. साध्या ट्यूबच्या बुचातही धातूचा अंश असतो. धातू मोजायला गडद निळ्या झाकणाचीच लागते.

आमचे जुने टेक्निशियन आरामात म्हणाले, "दो ही बची हैं मैडम. बरसों से किसी ने माँगी नहीं."

"दोनों ले आइए!"

नमुना दुपारच्या गाडीने दिल्लीला गेला. मी सक्सेना डॉक्टरांकडे लॉगशीट घेऊन गेले.

"आप पक्का कह रही हैं?"

"परसों कहूँगी, सर. झिंक और कैप्सूल, दोनों आज बंद करवा दीजिए."

त्यांनी तक्ता वरून खाली वाचला. "मैंने तो पूछा था, कौन सी दवा लेते हैं."

"उन्होंने सच ही बोला, सर."

गुरुवारी दुपारी तीनपर्यंत मी मेल किती वेळा उघडला, देव जाणे. रामसेवक भैया त्यांच्या बुंदेलीत म्हणाले, "मैडम, बार-बार देखबे से जल्दी नईं आहे." सारखं बघून काही तो लवकर येणार नाही. आणि आला! तांबं सत्तरच्या वर हवं, काकांचं नऊ. झिंक रेंजच्या दुपटीहून जास्त. शिसं? कुठल्याही शहरी माणसाइतकं. लिफ्टची वाट न बघता मी दोन मजले धावत चढले. या वयात, साडीत.

सक्सेना डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि ग्वाल्हेरला स्वतः फोन लावला. मॅरो पुढे ढकलली. तांबं सुरू केलं.

दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरा. न्यूट्रोफिल्स जागेवर. मॅरोची गरज पडली नाही. काकूंनी लॅबमध्ये पुरणपोळ्या आणल्या. पण नसा रक्ताइतक्या उदार नसतात. काकांचे तळवे अजून अर्धे बधिर आहेत. काठी सुटलेली नाही, सुटेलच असं डॉक्टरही सांगत नाहीत.

"आठ महिने फिल्टर चालवला," काका म्हणाले, "आणि मुळात तेल चांगलं होतं."

लॉगशीट ते अजून ठेवतात. झिंकच्या रकान्यात रोज एक आडवी रेघ आणि सही.

मीही एक बदल केला. लॅबच्या फॉर्मवर 'कोणते औषध चालू आहे?' असा प्रश्न होता. तो खोडला. आता तिथे लिहिलंय, 'सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय गिळता?' उत्तरं बहुतेक वेळा कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत जातात.