गजरा फूल नसतो

"मावशी, तुम्ही फक्त वायर बघा. बाकीचं आमच्यावर सोडा."

आवाज चढवला नाही तिनं. हसून म्हणाली. कॉम्प्युटर लॅबमध्ये चाळीस पोरंपोरी, मागच्या खुर्च्यांवर तपासणीला आलेले बाहेरच्या कॉलेजचे दोन प्राध्यापक, आणि भिंतीला टेकून उभी मी. लॅबची परिचर. कॉम्प्युटर चालू करायचे, बंद करायचे, धूळ पुसायची, प्रोजेक्टर लावायचा. पोरं हसली. मी खाली वाकले आणि वायर बघितली. वायर ठीक होती.

नोकरीत मी तिला मॅडम म्हणते. हे सांगताना म्हणणार नाही.

झालं होतं असं. ती जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होती, त्यातलं इनहेरिटन्स. म्हणजे एका क्लासमध्ये, प्रोग्राममधल्या एका साच्यात, एकदा लिहून ठेवलेलं दुसऱ्या क्लासला आयतं मिळतं, पुन्हा लिहावं लागत नाही. पडद्यावर तिचा प्रोग्राम होता. सगळ्यात वर 'फूल' नावाचा क्लास. त्यात दोन कामं लिहिलेली, तोडणं आणि मोजणं. त्याच्याखाली झेंडू, गुलाब आणि मोगरा. झेंडूला वेगळं काही लिहावं लागत नाही, तो फुलाचंच सगळं घेतो, वजनावर मोजला जातो. गुलाब जुडीवर जातो. म्हणून गुलाबानं मोजणं स्वतःचं लिहायचं आणि तोडणं तेवढं फुलाकडून घ्यायचं. इथवर चोख. या वर्षी पाहुण्यांसाठी तिनं एक भर घातली होती. मोगऱ्याच्या खाली गजरा.

प्रोग्राम चालवला. पडद्यावर आलं: गजरा झाडावरून तोडला.

पोरं खिदळली. एका पाहुण्यानं विचारलं, असं का आलं? ती म्हणाली, उदाहरण आहे सर, फार ताणायचं नसतं. मला राहवलं नाही.

"मॅडम, गजरा फूल नाय," मी म्हणाले. "गजऱ्यात फुलं राहतात."

त्यावर तिनं मला वायर बघायला सांगितलं.

मी खोटं काय बोलले होते? एखादा क्लास दुसऱ्याच्या खाली घातला की तुम्ही म्हणता, हा त्याचाच एक प्रकार आहे. मग वरचं सगळं त्याला लागू. गजरा कुठल्या झाडाला लागतो? तो ओवावा लागतो. मोगरा, मधेच मरवा, आणि दोरा. त्याचा क्लास वेगळा करायचा आणि फुलं त्याच्या आत ठेवायची. ज्याच्या घरात कधी गजरा ओवला गेला नाही, फक्त माळला गेला, त्यानंच करावी अशी ही चूक होती.

आणि तो प्रोग्राम माझा होता.

बारा वर्षांपूर्वी याच कॉलेजात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ती कॉलेज रोडची. वडील प्राध्यापक, घरात दोन कॉम्प्युटर. मी मखमलाबाद गावाच्या पुढून बसनं यायचे. आमचा फुलांचा छोटा मळा, आणि वडील याच लॅबमध्ये परिचर. सर पुस्तकातलं वाहनाचं उदाहरण द्यायचे, कार आणि ट्रक. तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कँटीनमागच्या पायरीवर बसून रडायला लागली. मी माझी जर्नल उलटी केली आणि मागच्या पानावर पेन्सिलनं लिहिलं. फूल. खाली झेंडू, गुलाब, मोगरा. आदल्या संध्याकाळीच मी झेंडूचे क्रेट भरले होते, त्यामुळे वेगळं सुचायचं काही कारणच नव्हतं. तिला दहा मिनिटांत समजलं. मला मिठी मारली तिनं. जर्नल वाचायला म्हणून घरी नेली.

पुढच्याच महिन्यात वडील गेले. अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी घरातल्या कोणाला तरी घेणार होते आणि अठरा पूर्ण झालेली मी एकटी. दोन्ही बहिणी शाळेत. काकांनी अर्ज आणला, मी सही केली. बाकावरून उठले आणि झाडू हातात घेतला. लोक म्हणाले, पोरीला आयती नोकरी मिळाली.

ती शिकत गेली. इंजिनिअर झाली, पुढचंही केलं, आणि शिकवायला परत इथेच आली. पहिल्या दिवशी मी लॅबच्या दारात हसत उभी राहिले. तिनं मला ओळखलं. डोळ्यांत दिसलं मला. मग तिनं बॅग टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मावशी, पाणी मिळेल का?"

मी पाणी आणून दिलं.

तेव्हापासून मी तिच्यावर जळते. उगाच गोड करून सांगणार नाही, जळते. तिच्या खुर्चीवर जळते. आम्हा दोघींच्या गळ्यात ओळखपत्र आहे, पण तिची दोरी निळी आणि माझी खाकी, त्या दोरीवर जळते. 'एनी डाउट्स?' म्हणून ती मान तिरकी करते त्याच्यावर सुद्धा. घरी आरशासमोर मी तशी मान करून बघितली आहे. फळा पुसायचं काम माझं. पुसण्याआधी मी सगळं वाचायचे. साडेपाचला पोरं गेली की एकेक कॉम्प्युटर बंद करत जायचे आणि शेवटच्यावर बसून तोच प्रोग्राम चालवून बघायचे. तिच्या चुका सापडल्या की अंगावर मूठभर मांस चढायचं. एकदा मी मुद्दाम प्रोजेक्टरची केबल सैल ठेवली होती. ती वर्गासमोर घामाघूम झाली आणि मी पाच मिनिटं उशिरा गेले. त्याची मला लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

फुलांचं उदाहरण ती नोकरीच्या पहिल्या वर्षापासून शिकवते. पोरं खूश असतात. मॅडम किती सोपं करून सांगतात, म्हणतात. कोणी विचारलं तर सांगते, शिकत असताना सुचलं होतं. हे मी भिंतीला टेकून दर वर्षी ऐकलं. वाटायचं, कधीतरी माझ्याकडे बघेल. बघितलं नाही. हेवा करायलाही समोरच्याच्या लेखी आपण असावं लागतं असं मला वाटायचं, आणि तिच्या लेखी मी नव्हतेच.

वायरीच्या दिवशी घरी गेले तर आई गजरेच ओवत बसली होती. तिला सगळं सांगितलं. गजरा झाडावरून तोडला म्हटल्यावर ती पोट धरून हसली. मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तुला येत हाय ना ते?"

मी हो म्हणाले.

"मंग वाकली कशाला?"

मी आईशेजारी बसून फुलं निवडायला लागले. इतकी वर्षं मी तिच्या खुर्चीवर जळत होते. माझं स्वतःचं डोकं त्या पडद्यावर दर वर्षी झळकत होतं, आणि ते परत मागायचं मला सुचलंच नव्हतं.

सोमवारी तीच बॅच, तोच तास. पडद्यावर नवा प्रोग्राम आला. गजऱ्याचा क्लास आता वेगळा होता आणि फुलं त्याच्या आत होती. मी सांगितलं होतं तसंच. ती पोरांना म्हणाली की रविवारी बसून तिनं हे सुधारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, लाइट बंद करा."

मी बटणापाशी गेले. बंद केलं नाही.

"हे उदाहरण माझं आहे," मी म्हणाले. "दुसऱ्या वर्षाला कँटीनमागं बसून मी तुला शिकवलं होतं. परवाची चूकही मीच दाखवली. आणि मी तुझी मावशी नाही. तुझ्याएवढीच आहे."

तू म्हणाले मी तिला. चाळीस पोरांसमोर.

तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "आपण हे बाहेर बोलू."

"बाहेर तू बोलत नाहीस."

कोणी हसलं नाही. मी लाइट बंद केला आणि माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. काम माझं होतं, ते मी केलं.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. वर्गात व्यत्यय, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. विभागप्रमुख सर समजावत होते, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून दे, विषय संपेल. मी दोन ओळीच लिहिल्या. बोलले ते खरं आहे. माफी मागणार नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. माझी बदली भांडारात होईल असं ऐकते. होऊ दे.

हेवा गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही. फक्त आता मला तिची खुर्ची नको, माझा बाक परत पाहिजे. नोकरी करणाऱ्यांसाठी याच कॉलेजात संध्याकाळचा डिप्लोमा चालतो. मी अर्ज भरला आहे, पुन्हा पहिल्या वर्षापासून. दुसऱ्या वर्षाला जावाचा पेपर तिथेही तीच शिकवते. वर्गात आल्यावर तिला हजेरी घ्यावी लागेल, आणि माझं नाव तिला मोठ्यानं वाचावं लागेल. मी पहिल्या बाकावर बसून हजर म्हणणार आहे.