निसटलेली नळी

मेथ्या भिजल्या की त्यांचा कडवट वास सुटतो आणि मला मुलुंडच्या घरातली ती दुपार आठवते. दत्तक घेतलेली आमची मुलगी घरी येऊन वीस दिवस झाले होते, पण दत्तकाचा शेवटचा आदेश अजून हातात पडला नव्हता. दूध यावं म्हणून मी दोन महिने मेथ्या खात होते, दर तीन तासांनी पंप लावत होते, आणि तिला अंगावर घेऊन छातीला चिकटवलेल्या बारीक नळीतून पावडरचं दूध पाजत होते. त्या दुपारी, जिथून तिला आणलं होतं त्या दत्तक संस्थेतून फोन आला. "उद्या बाळाला घेऊन या. फोनवर नाही सांगता येणार." सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता अंगावर नको गं घेऊस. उगाच जीव गुंतेल." तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मी खोलीचं दार लावलं आणि नळी लावून तिला अंगावर घेतलं. थोड्या वेळाने पाहिलं तर नळी निसटून मांडीवर पडली होती, तरी तिच्या घशात घोट वाजतच होते. मला दूध आलं होतं. मी तिला घट्ट धरून रडले, कारण उद्या संस्थेने हिला परत ठेवून घेतलं तर हे दूध मी कुणाला पाजणार होते? दुसऱ्या दिवशी कळलं, फॉर्मसाठी तिचा नवा फोटो हवा होता, एवढंच; फोनवर काही सांगायचं नाही हा तिथला नियमच होता. आता ती शाळेत जाते. त्या दिवसाबद्दल हौसेने विचारते, आणि मी तिला फक्त आनंदाचं तेवढं सांगते.