मोहगावजवळचा बिनबैलांचा पोळा

ताईचा फोन आला आणि जायचं ठरलं. "तुहे भाऊजी पोळा झाला का संत्र्याचा बगीचा गिट्टी क्रशरवाल्याले देऊन राहिले. बोअर आटला म्हनतात. तू ये बाप्पा, माह्यं तर ऐकतच नाहीत."

नागपूरहून इटारसीकडच्या गाडीनं पांढुर्ण्याला उतरलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं गोटमार, म्हणजे दोन गावांमधली दगडफेकीची जत्रा, असते; रस्ते बंद होतात. जाणार असाल तर पोळ्याच्या सकाळीच पोहोचा. स्टँडसमोरचा आलूबोंडा आणि रस्सा चांगला, पण तिखट. सौंसरच्या बससाठी सुटे पैसे ठेवा. पुढे मोहगावच्या बाजूला ऑटो मिळतात, मात्र भरल्याशिवाय हलत नाहीत.

वाटेत गिट्टीसाठी, म्हणजे खडीसाठी, अर्धा कापलेला एक डोंगर लागला. पावसाळा असूनही त्याच्या पायथ्याची कपाशी धुळीनं पांढरी दिसत होती. ऑटोत कोणीच तिकडे पाहत नव्हतं.

संध्याकाळी भाऊजींसोबत आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली बैल नव्हते. ट्रॅक्टर आल्यापासून गावात बैलजोडी उरलेली नाही. सौंसरच्या नाटक करणाऱ्या मुलामुलींनी हातात कासरे धरले होते. प्रत्येक कासरा ताठ होता आणि त्याच्या टोकाला, बैलाची मान असते तेवढ्या उंचीवर, घुंगरमाळ हलत होती. दोरात तार होती, हे मला नंतर कळलं.

पोळ्याला झडत्या, म्हणजे यमकाच्या ओळी, म्हणतात. एकानं म्हटली:

"डोंगर फोडला, गिट्टी झाली,
संत्र्याची सावली कोनं नेली?"

सवयीनं सगळे ओरडले, "हर बोला हर हर महादेव!"

कासरा धरलेली एक मुलगी भाऊजींजवळ येऊन थांबली. त्यांच्याकडे न पाहता ती लोकांना म्हणाली, "माहे आबा इथंच उभे राहत. त्याइनं बगीचा क्रशरले देला. आता तिथं खड्डा हाय. पानी हाय, पन ढोरं तोंड लावत नाहीत."

"अवं, तुहे आबा जिते हायेत! चहा पेऊन आले आत्ता!" मागून कोणीतरी भाऊजींकडे बोट दाखवत म्हणालं. हशा पिकला. ती हसली नाही.

ती एक गिरकी घेऊन पुन्हा तिथंच उभी राहिली. "माहे आबा इथंच उभे राहत. त्याइनं बगीचा देला नाही. साऱ्याइनं मिळून नाल्यावर बांध घातले. रसाचा कारखाना गावाचाच हाय, उन्हावर चालते. सालीचं तेलबी आम्हीच काढतो."

भाऊजींना राहवेना. "अन् बांधाले मानसं कुठून आनले वं? इथं बोलावलं तर कोनी येत नाही!"

"आबाले विचारा," ती म्हणाली. "त्याइनंच आनले."

या वेळी कोणी हसलं नाही.

बैल सोडायचा इशारा म्हणून तोरण तोडलं गेलं. घुंगरं वाजत कासरे गावाकडे धावले आणि माणसं बाजूला सरली. बायांनी लेकरं ओढून घेतली. भाऊजींनी पटकन पाय मागे घेतला, खूर पडेल म्हणून.

घरी पुरणपोळी होती. बगीच्याचा विषय मी काढलाच नाही. रस्ते उघडल्यावर परतलो.

परवा ताईचा फोन आला. भाऊजींनी बांधासाठी सारं गाव बोलावलं, आले चौघेच. बगीचा टिकेल का, तिला माहीत नाही. मलाही नाही. क्रशरवाला मात्र पुन्हा येऊन गेला. भाऊजी त्याला दारातूनच म्हणाले, "ते जागा देता येत नाही. तिथं माही नात काम करते."

त्यांच्या मुलाचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही.