जर्मनचे नट

दिग्रस-पुसद रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या सेवादासला एका जागी बसवणं तांड्यात कुणाला जमलं नाही. गाडी थांबली रे थांबली की हा खाली. चाकांभोवती फेरी, प्रत्येक नटावर हात, जरा शंका आली की पाना, पान्याला पाईप आणि पाईपवर पाय देऊन उभा सेवादास. आतल्या बाया हसायच्या, "भाऊ, चाकाच्या पाया पडून झालं असन तं चाला आता!" हसेनात का. एवढ्या माणसांचा जीव त्या नटांवर आहे, हे त्याला जेवतानाही विसरता येत नसे.

त्या साली त्याची तगमग दुप्पट झाली. कापसात काही उरेना म्हणून तांड्यातली तरणी जोडपी पुण्याला गेली होती. त्यात त्याची एकुलती एक संगीताही होती. तिचा नवरा सुनील तिथे गॅरेजात कामाला होता. दिवाळीनंतर दोघं आली ती चमचमणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नटांची पिशवी घेऊनच. वजनाला हलके, गंजायची भीती नाही. दिग्रसच्या जीपस्टँडजवळ दुकान टाकायचं, हेच नट विकायचे आणि इथंच राहायचं, असा सुनीलचा बेत होता. इथंच राहायचं! सेवादासला त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही. स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर पूनमसिंग म्हणाला, "पयले तुह्या गाडीले लाव. तू हो म्हनलं की आमी सारे घेतो."

सेवादासची बायको जमनी हिने एक नट हातात तोलून पाहिला. "हे तं माह्या जर्मनच्या गंजावानी हाय," ती म्हणाली. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात, आणि चुलीवरच्या त्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, किती पोचे आलेत ते तिला ठाऊक होतं.

"मामा, हातानंच कसा. पाय देऊ नका," जीपला नवे नट बसवताना सुनीलने बजावलं. सेवादासने ऐकलं. घाट उतरून पाहतो तर नट ढिले. पुन्हा कसले, पुन्हा ढिले. दर फेरीला हेच. त्याला अन्न गोड लागेना. शेवटी न राहवून तो पाईपवर चढलाच. दुसऱ्या दिवशी कापूस वेचून परतणाऱ्या बायांनी गाडी खच्चून भरली होती. फाट्यावर उतरून त्याने चाकाला हात लावला, तर एक नट बोटांनीच गरगर फिरला. आटे पार गेले होते. वर बाया गप्पा मारत होत्या, मांडीवर लेकरं झोपली होती. सीटखालचे स्टीलचे जुने नट काढून सेवादासने एकेका चाकाला बसवले, तेव्हा कुठे गाडी हलली.

घरी जमनी म्हणाली, "पाय देल्ला म्हून गेले, असं सांग स्टँडवर. खोटं थोडीच हाय? पोरगी जवळ राहीन."

खोटं नव्हतंच. हीच तर पंचाईत होती.

सकाळी स्टँडवर पूनमसिंगची गाडी निघायच्या बेतात होती. मागच्या पायरीवरही माणसं लोंबकळत होती. "काय मंग, घेऊ का?" त्याने विचारलं. सुनील शेजारीच उभा होता. सेवादासने त्या लोंबकळणाऱ्या माणसांकडे पाहिलं.

"नको. हातानं कसले तं ढिले होतात, पायानं कसले तं आटे जातात. आपल्याले स्टीलच पायजे."

"मामा, मानसं एवढी कायले कोंबता मंग? नटाचा काय दोष?" सुनील चिडला, आणि त्याचं चुकत नव्हतं.

"दोष नाई, जवाई. पन मानसं काई कमी होनार नाईत."

दुकान टाकायचं राहूनच गेलं. पुण्याची गाडी पुसदहून होती, आणि दोघांना तिथवर सेवादासनेच जीपने न्यायला घेतलं. त्या दिवशी तो दर फाट्यावर थांबला. एकही नट जागचा हलला नव्हता, तरी दर वेळी सगळे चाचपून पाहत होता. सुनील घड्याळ बघून वैतागला. पुसद अगदी जवळ आलं तसा सेवादास पुन्हा उतरला. या वेळी संगीताही खाली उतरली.

"बा, घट्ट हायत ना?"

"हायत," चाकाकडे पाहतच तो म्हणाला. "पन एकडाव पाह्यतो."

ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि पुढच्या नटावर तिनं आपला हात ठेवला.