मोहाखालची आग आणि कोर्टाचं इंटेन्शन

"आग मीच लावली," रैनू तिसऱ्यांदा म्हणाला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

गडचिरोलीच्या तहसील कोर्टाच्या आवारात आम्ही चिंचेखाली बसलो होतो. पुकारा कुठल्याही क्षणी होणार होता. मी त्याचा वकील. रैनू एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका लहानशा गावचा गोंड शेतकरी. त्याच्या गावाजवळ सुटलेली आग राखीव जंगलात शिरली होती आणि नव्यानं लावलेली सागाची रोपं जळून गेली होती. दुसऱ्या दिवशी नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, चौकशीला गावात आला. त्यानं तोंड उघडायच्या आत रैनू पुढं झाला आणि म्हणाला, आग माझी. अशीलच असा निघाला तर वकिलानं करावं काय?

"अरे, चुकून लागली असं म्हण."

"चुकून कशी लागन, वकीलभाऊ? काडी मीच ओढली. काऊन नाई म्हनू?"

"पण जंगल जाळायचं तुझ्या मनात होतं का?"

"मले मोह वेचाचा होता."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं!

मी चिडलो त्याला कारण होतं. त्या खटल्याचा सगळा डोलारा एका इंग्रजी शब्दावर उभा होता, इंटेन्शन. आपल्याकडे या शब्दाची भावंडं पुष्कळ. संस्थेच्या पत्रकात 'हेतू' असतो, दरोडेखोराचा 'इरादा' असतो, सोयरीक जुळवणाऱ्यांचा 'बेत' असतो आणि दुकानदाराची 'नियत' त्याच्या तराजूवरून कळते. घरात तर 'त्याच्या मनात काय आहे कोण जाणे' एवढ्यावर आपलं भागतं. कोर्टाचं भागत नाही. माणसानं एखादी गोष्ट कशापायी केली ते मोटिव्ह, आणि काय घडावं असं मनाशी धरून केली ते इंटेन्शन, अशी कोर्ट वेगवेगळी वाटणी करतं. उपाशी माणसानं भाकरी चोरली तर भूक हे झालं मोटिव्ह. भाकरी उचलायचीच, हे इंटेन्शन. भूक कितीही खरी असली तरी चोरी ती चोरीच राहते.

रैनूचं मोटिव्ह मोहफुलं होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली वाळका पाला असेल तर ती त्यात हरवतात, म्हणून वेचणीच्या आधी लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. पण ह्या पाला जाळण्याला 'जंगल पेटवायचं इंटेन्शन' म्हटलं गेलं, तर रैनू तुरुंगात जाणार होता. आणि दिवस ऐन मोहाचे होते. वाळवलेल्या फुलांवर त्या घराचा पावसाळा निघायचा. तो आत गेला असता तर घरी त्याची म्हातारी आई, बायको आणि तान्हं लेकरू यांनी पावसाळ्यात काय खाल्लं असतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर मी त्याच्यावर ओरडत होतो.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट नागपूरकडचे, थोडं बोलणारे गृहस्थ होते. जंगलखात्याची बाजू मांडायला रेंजरसाहेब स्वतः उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. ती रोपं त्यांनी उन्हात उभं राहून लावून घेतली होती. त्यांचा राग मला कळत होता.

"साहेब, आरोपीला गुन्हा कबूल आहे," ते म्हणाले. "त्याला मोह हवा होता, म्हणून त्यानं जंगल पेटवलं. इंटेन्शन क्लियर आहे."

मी उठलो. हेतू, इरादा, उद्देश हे सगळे शब्द मी एव्हाना बाजूला ठेवले होते. हातापायांनी काय केलं तेवढंच विचारायचं ठरवलं.

"रैनू, काडी ओढण्याआधी काय केलंस?"

"पाला झाडला. मोहाच्या भवताल. बाईनं अन् म्या."

"कसा?"

"गोल. खालची माती दिसली पाह्यजे असा."

"कशाला?"

"आग भायेर नाई गेली पाह्यजे म्हून."

"लेकरू कुठं होतं?"

"झोळीत. बाजूच्या झाडाले टांगलं होतं."

"गावाच्या बाजूच्या, की जंगलाच्या?"

"जंगलाच्या. तिकडं सावली रायते."

मॅजिस्ट्रेटांचं पेन थांबलं. जंगल पेटवायला निघालेला माणूस आपलं पोर जंगलाच्या बाजूला टांगत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पण रेंजरही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "एवढं झाडून घेतलं होतं, तर आग बाहेर गेली कशी?"

मला याच प्रश्नाची धास्ती होती. "गेली, साहेब," रैनू एवढंच म्हणाला.

"त्या सकाळी आणखी कोणी आग लावली होती का?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं. "नाव सांगितलंस तर सुटशील."

"आग माझी, साहेब."

त्याला गदागदा हलवावं असं मला वाटलं.

निकाल त्याच दिवशी लागला. इंटेन्शन सिद्ध होत नाही, निष्काळजीपणा मात्र आहे. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसाचं काम संपून साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत आरोपीनं कोर्टात बसून राहायचं, मग घरी जायचं. मला इतका आनंद झाला की रेंजरांकडे बघायचंही मी टाळलं.

दुपारी जेवायला निघालो तर रैनू व्हरांड्यात भिंतीशी बसलेला. त्याच्या शेजारी ओळीनं त्याच्या गावची तीन माणसं, तशीच मांडी घालून. त्याला घरी न्यायला आली असावीत असं मला वाटलं.

"तुम्ही झाडाखाली सावलीत बसा," मी म्हटलं. "शिक्षा त्याला झाली आहे."

त्यांच्यातला वयस्क माणूस, कोलूभाऊ, म्हणाला, "आमालेबी झाली. आमच्याबी मोहाखाली त्या दिशी आग होती. कोनाची भायेर गेली, कोनाले ठाव? रैनूची काडी पयली. पयली काडी ज्याची, बोलनी त्यानं खावाची, अशी रीत हाये आमच्यात. पन शिक्षा त्यानं एकट्यानं खावाची, असं कुठी हाये?"

त्याला थांबवायला मी हात वर केला, पण उशीर झाला होता. कारण रेंजर माझ्या मागेच दारात उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. हा एका वाक्यात तीन नवे आरोपी देणारा जबाब होता.

रेंजरांनी त्या चौघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरकून बसा रे. येण्याजाण्याची वाट अडते."

आणि निघून गेले. त्या तिघांवर पुढं कधीच खटला झाला नाही.

संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठले. पट्टेवाल्यानं येऊन रैनूला सांगितलं, "जा आता." चौघंही एकदमच उठले आणि धोतरं झटकून चालू लागले.

पुढं वकिली पुष्कळ वर्षं केली. पण नव्या अशिलाला 'तुझा हेतू काय होता' असं विचारायचं मी त्या दिवसापासून सोडून दिलं. त्याचं उत्तर प्रत्येकजण घरूनच पाठ करून येतो. मी विचारायचो, "तेव्हा तुझ्यासोबत कोण होतं?" बहुतेक जण धडाधड नावं सांगायचे. एखादाच रैनूसारखा कोणाचं नाव घ्यायचा नाही. त्याचं वकीलपत्र मी पुढचं काही न विचारता घ्यायचो.